आजारपणात शाळा बुडणाऱ्या मुलाचं वाचन: घरी, लोकलमध्ये आणि रक्त चढत असताना

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा आठ वर्षांचा, भांडुपला महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत. थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे शरीरात पुरेसं रक्त तयार होत नाही असा जन्मजात आजार, म्हणून दर तीन आठवड्यांनी परळला रक्त चढवायला न्यावं लागतं. महिन्यातले सात-आठ दिवस शाळा बुडते. मुळाक्षरं येतात, साधे शब्द वाचतो, पण वेलांटी चुकवतो आणि जोडाक्षर आलं की थांबतो. आज शिकवलेलं पुढच्या आठवड्यात आठवत नाही. वाचायला बसवलं की पोटात दुखतं म्हणतो. शिकवणीच्या बाईंनी पुन्हा पहिलीच्या पुस्तकापासून सुरुवात केली आहे. आई विचारते, याला नीट वाचता येईल का, आणि घरी नेमकं काय करायचं?

येईल. मात्र ते पहिलीच्या पुस्तकापासून पुन्हा सुरू करणं आधी थांबवा. सतत आजारी असणाऱ्या मुलांच्या वाचनाचं सर्वांत जास्त नुकसान याच सवयीने होतं. खंड पडला की परत पहिलं पान. त्यामुळे पहिली दहा पानं तीस वेळा होतात आणि पुढची पानं कधी उघडलीच जात नाहीत. पहिली दहा पानं पाठ झालेली असतात, म्हणून मूल घडाघडा वाचतंय असं वाटतं, आणि अकराव्या पानावर तेच मूल 'अचानक' अडतं. आठ वर्षांच्या मुलाला 'कमल नमन कर' पुन्हा वाचायला लावलं तर त्याच्या पोटात दुखणारच. तुमच्या मुलाच्या बाबतीत खंड पडणार हे ठरलेलंच आहे. तेव्हा तो धरूनच आखणी करायची आणि जिथे थांबलो तिथूनच पुढे जायचं.

'विसरतो' हा शब्दही जरा तपासून घ्या. सोमवारी 'म्ह' शिकवला. मंगळवारी रक्ततपासणी, बुधवारी रक्त चढवलं, गुरुवारी दमलेला, शुक्रवारी शाळेत दुसरंच काही. पुढच्या सोमवारी विचारलं तर येत नाही. यात विसरण्यासारखं काही झालंच नाही, कारण ते अक्षर पक्कं व्हायला तीन-चार दिवस लागोपाठ डोळ्यांखालून जावं लागतं आणि ते गेलंच नाही.

वाचन हातात घेण्याआधी दोन गोष्टी डॉक्टरांकडून करून घ्या: डोळे आणि कान. वारंवार रक्त चढवल्याने अंगात साठणारं लोह उतरवणाऱ्या काही औषधांचा परिणाम नजरेवर आणि श्रवणावर होऊ शकतो, म्हणून थॅलेसेमियाच्या मुलांची ही तपासणी वर्षातून एकदा करतात. केसपेपरवर शेवटची तारीख बघा. राहून गेली असेल तर पुढच्या फेरीत स्वतःहून आठवण करा. या औषधांमुळे कान गेलाच तर बहुधा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. मूल हाक मारली की ओ देतं, टीव्ही ऐकतं, म्हणून घरात कुणाला शंका येत नाही, पण स, श, च, थ यांच्यातला फरक त्याला नीट ऐकू येत नसतो. असं मूल 'साखर'चं 'थाकर' करत असेल तर शिकवण्यात दोष शोधून उपयोग नाही.

आता मूल नेमकं कुठे आहे ते शोधायचं. रक्त चढवल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी, सकाळी, खाणं झाल्यावर दहा मिनिटं काढा. एका कागदावर मोठ्या अक्षरात हे लिहून ठेवा: सुटी दहा अक्षरं (मुळाक्षरांच्या क्रमाने नकोत), काना-मात्रा नसलेले पाच शब्द, काना-वेलांटी-उकार-मात्रा असलेले दहा शब्द, सहा जोडाक्षरांचे शब्द, मग चार सोप्या वाक्यांचा उतारा आणि आठ-दहा वाक्यांची गोष्ट. देशभर घरोघरी जाऊन जी 'असर' चाचणी घेतात तिचा सांगाडा साधारण असाच आहे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. त्यातली एक चांगली पद्धत उचला. सुरुवात अक्षरांपासून न करता परिच्छेदापासून करा. तीन किंवा त्याहून कमी चुकांत सलग वाचला तर गोष्ट द्या, नाही जमला तर शब्दांकडे उतरा. मूल आधीच 'क, ख, ग'ला कंटाळलेलं असतं, त्याला मोठ्या मुलांचं काही हातात मिळालं की बरं वाटतं.

वाचताना टोकू नका. तो जे वाचेल ते जसंच्या तसं शब्दाच्या वर लिहा. 'चुकला' असं लिहिलंत तर त्यातून काहीच कळणार नाही. 'घर'ला 'धर' म्हणाला, 'दिवा'ला 'दवा', 'सूर्य'ला 'सूयर' आणि 'बाजार'ला 'बाबा' म्हणाला, तर या चार वेगळ्या चुका आहेत आणि चौघींवर इलाज वेगळा आहे. 'बाबा' हा अंदाज आहे. पहिलं अक्षर बघून पुढचं ठोकून दिलं. बाकी तीन खऱ्या अडचणी आहेत.

'घर'चं 'धर' होतं तिथे डोळ्याला खूण हवी. आपल्या लिपीत ती तयारच आहे. ध, भ, थ या तिन्ही अक्षरांच्या डोक्याला गाठ असते आणि त्या गाठीपाशी वरची रेघ तुटते. घ, म, य यांची रेघ सलग असते. मुलाला बोटाने रेघ गिरवायला लावा: बोट सरळ गेलं तर घ, अडखळलं तर ध. मात्र जोडीतली दोन्ही अक्षरं एकाच दिवशी समोर ठेवू नका. आठवडाभर फक्त घ: घर, घाई, घागर, घड्याळ. तो न थांबता यायला लागला की पुढच्या आठवड्यात ध. 'हा घ, आणि हा बघ ध, कळला फरक?' असं एका दमात शिकवलं की दोन्ही कायमचे एकमेकांत गुंततात. ब-व आणि प-ष यांचंही तेच. 'ख' हातानं लिहिताना 'र' आणि 'व' सुटे पडणार नाहीत याची काळजी तुम्ही घ्या, नाहीतर 'खाणे'चं 'रवाणे' वाचेल आणि चूक त्याची नसेल.

वेलांटीची भानगड अशी की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर ऐकू येते. डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचणारं मूल तिथेच फसतं, वेलांटी गाळून पुढे जातं. उपाय साधा आहे. आधी बोट अक्षरावर ठेवायचं, 'द', मग बोट वेलांटीवर, 'दि'. आठवडाभर फक्त वेलांटी नसलेल्या आणि पहिली वेलांटी असलेल्या शब्दांच्या जोड्या घ्या: दवा-दिवा, पता-पिता, कती हा शब्द नाही पण 'किती' आहे, हेही त्याला ओळखू द्या. अर्थ लागत नाही म्हणजे परत बघ, ही सवय बारीकसारीक नियमांपेक्षा महत्त्वाची. आणि एक सूट द्याच: 'किती'ची दुसरी वेलांटी पहिलीसारखी वाचली म्हणून थांबवू नका. ऱ्हस्व-दीर्घ हा बहुतेक वेळा लेखनाचा प्रश्न असतो. आपण मोठी माणसं तरी बोलताना कुठे एवढी लांबवतो?

जोडाक्षरांवर मात्र मुक्काम करायला हवा, कारण तिसरीच्या पुस्तकात त्यांच्यावाचून पान हलत नाही. शिकवण्यांमध्ये बऱ्याचदा क्ष आणि ज्ञ यांनी सुरुवात होते, कारण तक्त्याच्या शेवटी ती दोन असतात. ही अगदी उलटी वाट आहे. 'ज्ञ' आठवड्यातून एकदा भेटेल, पण 'च्या', 'त्या', 'ल्या' आणि 'म्ह' प्रत्येक दुसऱ्या वाक्यात येतात. घराच्या, आईच्या, त्याला, त्यांनी, गेल्या, आपल्या, तुम्ही, आम्ही, म्हणाला. ही चार आधी. ती फोडून न शिकवता अख्खी ओळखायला शिकवा, जसा 'क' ओळखतो तसा 'च्या'. एवढ्यानेच त्याच्या पुस्तकातल्या निम्म्या थांबण्याच्या जागा कमी झालेल्या दिसतील. त्यानंतर एकच अक्षर दोनदा येणारी, जी तोंडात असतातच: चप्पल, गल्ली, पक्का, गच्ची, हट्ट. मग दंड कापून अर्धी होणारी: मस्त, पुस्तक, गोष्ट, शब्द. द्य, द्ध, क्त, श्र, क्ष, ज्ञ यांचं मूळ रूप ओळखू येत नाही, म्हणून ती शेवटी, एकेक करून, चित्रासारखी.

'र'ला वेगळा वेळ द्या, कारण हा गृहस्थ चार वेषांत येतो. 'सूर्य'चंच बघू. मुलाला दिसतं सू, मग य, आणि य च्या डोक्यावर काहीतरी. तो 'सूय' म्हणतो, डोक्यावरचं आठवून 'र' जोडतो, झालं 'सूयर'. त्याला 'अर्धा र आधी उच्चारायचा' असं सांगून काही होत नाही. आधी म्हणजे कशाच्या आधी? पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर 'सूर्' आणि 'य' असे दोन तुकडे लिहा. जोडून म्हणा: सूर्-य. दोन टाळ्या. मग तिसऱ्या पुठ्ठ्यावर 'सूर्य' लिहून आधीच्या दोघांखाली ठेवा आणि बोटाने दाखवा की 'र्' उडी मारून पुढच्याच्या डोक्यावर बसला, पण आवाज त्याच्या मूळ जागीच राहिला. याच पद्धतीने गर्दी, सर्दी, वर्ग, अर्धा, बर्फ. एका दिवसात तीन शब्द, जास्त नाही. रफार पक्का होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, 'प्र'ला हात लावू नका. 'प्र, क्र, ग्र' यांत र नंतर येतो आणि खाली तिरकी रेघ असते. ट्रक, ड्रम यांत खाली छोटं छप्पर. आणि शेवटी दुसऱ्या, वाऱ्यावर यांतला 'ऱ्य'. दर्या आणि दऱ्या शेजारी ठेवून मोठ्याने वाचून दाखवलंत की मुलांना तो फरक कानाने कळतो. एक जोर देऊन म्हणायचा, दुसरा अलगद.

याचा सराव कुठे करायचा? भांडुपहून परळला धीम्या लोकलने जाताना. ही गंमत म्हणून सांगत नाही. तो मार्ग जोडाक्षरांच्या दृष्टीने फार नीट लावलेला आहे: भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, शीव, माटुंगा, दादर, परळ. परळला काही नाही, दादरला फक्त काना. शीव, भांडुप, घाटकोपर, माटुंगा यांत वेलांटी, उकार, काना, मात्रा, अनुस्वार. कांजूरमार्ग आणि कुर्ला यांत रफार, विक्रोळीत खालचा तिरका र, विद्याविहारात द्य. दहा नावांची दहा कार्डं करा आणि जाताना त्याच्या हातात क्रम बदलून द्या. स्टेशन आलं की त्याने कार्ड शोधून पाटीशी जुळवायचं. तीन-चार फेऱ्यांनंतर नावं पाठ होतील, मग तो खरंच वाचतोय की स्टेशनं मोजतोय हे कळणार नाही. त्याची परीक्षा शीवला होते. घरी, दवाखान्यात, गाडीतही सगळे 'सायन' म्हणतात. पाटीकडे बघून तो 'शीव' म्हणाला तर समजा, अक्षरं वाचतोय. गर्दीच्या वेळी हे जमणार नाही, दारात तर अजिबात उभं करू नका. खिडकी मिळाली तरच.

दवाखान्यातला दिवस वाचनासाठी मोठा दिसतो, पण तो तसा नसतो. रक्त लावल्यावर पहिली पंधरा मिनिटं नर्सबाईंचं लक्ष मुलाकडे असतं, काही त्रास होतोय का ते बघायला. तेव्हा पुस्तक बंद. ॲलर्जीसाठी ॲव्हिल दिलं असेल तर तो पेंगणार, मग पुस्तक बॅगेतच राहू द्या. सुई लिहित्या हाताला लावू नका अशी विनंती आधीच करा. उजव्या हाताला लागली तर पानही उलटता येत नाही. या दिवशी नवीन काही शिकवायचं नाही. तुम्ही वाचा, त्याने ऐकावं आणि ओळीवरून बोट फिरवावं, बस. फोनवर तुमच्याच आवाजात त्याच्या पुस्तकातला एक धडा आधी ध्वनिमुद्रित करून ठेवा, हळू वाचून, प्रत्येक पानाला 'पान उलट' असं म्हणून. तुम्हाला औषधाच्या रांगेत जावं लागतं तेव्हा तो एकटा ते ऐकत पुस्तक बघू शकतो. बॅगेत एक पातळ पुस्तक, प्लॅस्टिकच्या पिशवीत दहा कार्डं आणि इयरफोन. जाड पुस्तकं, वही, कंपासपेटी हे सगळं घरी. भिंतीवरच्या पाट्याही आहेतच: 'शांतता राखा', 'येथे थुंकू नये', 'रक्तपेढी'. 'रक्तपेढी'तला 'क्त' तो कदाचित वर्गात सर्वांत आधी शिकेल.

आता वेळापत्रक. थॅलेसेमियात रक्त चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन साधारण ९ ते १०.५ च्या दरम्यान राखण्याचा प्रयत्न असतो, आणि चढवल्यावर ते वर जाऊन पुढच्या तारखेपर्यंत हळूहळू उतरतं. त्याबरोबर मुलाचा दमही उतरतो. हा चढ-उतार माहीत असूनही सगळे रोज तेवढंच शिकवायला जातात, आणि शेवटच्या आठवड्यात मूल 'हट्टी' ठरतं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहिता तशी एक खूण रोज करा: आज ताजातवाना, मध्यम की ढेपाळलेला. दोन फेऱ्यांत त्याची स्वतःची लय दिसेल. बहुतेक वेळा असं निघतं की रक्त चढवल्यावर एक-दोन दिवस सोडून पुढचे दहाएक दिवस चांगले असतात. नवीन अक्षर, नवीन जोडाक्षर याच दिवसांत. त्यानंतरचा आठवडा फक्त आधीच्याची उजळणी. शेवटचे दोन-तीन दिवस तुम्ही वाचायचं, त्याने ऐकायचं. ताप असेल तर काहीच नाही, आधी डॉक्टर.

चांगल्या दिवशीही एका बैठकीला आठ-दहा मिनिटं, अशा दोन. सकाळी शाळेआधी एक आणि संध्याकाळी खेळून, खाऊन झाल्यावर एक. रात्री साडेनऊला मालिका चालू असताना, एकाच खोलीत, मूल पाय दुमडून पुस्तकात तोंड घालून बसलंय, हे दृश्य ओळखीचं असेल. ती दहा मिनिटं वाया जातात आणि वर भांडण होतं. जागा नसेल तर जिना, गॅलरी, शेजारच्या आजींची खोली, काहीही चालेल, फक्त उजेड पानावर पडायला हवा आणि पुस्तक मांडीत न ठेवता उशीवर टेकवून उभं ठेवा, म्हणजे मान दुखत नाही.

बैठकीचा क्रम असा ठेवा. पहिली दोन मिनिटं जुनी कार्डं, सात-आठ, पटापट. मग एक नवीन गोष्ट, एकच. नंतर चाळीस-पन्नास शब्दांचा उतारा. तुम्ही बोट फिरवत एकदा वाचा, मग दोघं एका आवाजात, मग तो एकटा. तोच उतारा तीन दिवस. तिसऱ्या दिवशी तो सफाईने वाचतो, त्याला स्वतःलाच ते ऐकू येतं, आणि पोटदुखी कमी होण्याची सुरुवात बहुतेकदा इथून होते. पाठ झालं म्हणून घाबरू नका. मधलाच एखादा शब्द दाखवून 'हा कुठला?' विचारलं की कळतं. अडला तर मनात पाच अंक मोजा, मग शब्द सांगून टाका. 'बघ, नीट बघ, काल तर केला होतास' हे म्हणण्यात जी दहा सेकंद जातात त्यात वाक्याचा अर्थ हरवतो. दहा शब्दांत एकापेक्षा जास्त वेळा अडत असेल तर उतारा कठीण आहे, बदला.

उतारे कुठून आणायचे? एक साठा मुलाजवळच आहे. त्याला चार वाक्यं बोलू द्या आणि ती त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरात लिहा. उदाहरणार्थ: 'काल डाव्या हाताला सुई लावली. मी रडलो नाय. बाबांनी वडापाव दिला. पण तिखट चटणी नाय दिली.' यात 'नाय' लिहिलंय ते तसंच राहू द्या. प्रमाण 'नाही' नंतर येईलच. आज त्याला हे कळायला हवं की तोंडातून निघालेलं कागदावर उतरतं आणि परत वाचता येतं. या चार ओळींत 'डाव्या' आणि 'दिली' आहेत, म्हणजे आपलं कामही झालं. अशी वीस पानं शिवली की त्याचं पुस्तक तयार, आणि ते 'बाळबोध' नसतं, ही मोठी सोय. आठ वर्षांच्या मुलाला तीन वर्षांच्या मुलाची चित्रपुस्तकं दिली की तो ती लपवतो.

याखेरीज प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी फुकट आहेत, त्यांना पायऱ्यांचे क्रमांक दिलेले आहेत. त्याला पहिली-दुसरी पायरी द्या, आणि छापून घ्या. फोनवर दिलंत तर दोन मिनिटांत तो दुसऱ्याच कशात असतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतात, त्यामुळे बुडालेला धडा छापता येतो. अक्षर जाड हवं. २४ पॉइंटच्या आसपास, ओळींत मोकळी जागा.

इतर आजारांच्या मुलांच्या घरचेही हेच विचारतात, म्हणून थोडक्यात. रक्ताच्या कर्करोगाची मुलं उपचारासाठी महिनोन्‌महिने परळ-दादरला, धर्मशाळेत राहतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना जुनी, धुळीची, हातोहात फिरलेली पुस्तकं नकोत, पुसता येतील अशी लॅमिनेटेड पानं ठेवा. तोंडात फोड असतील तर मोठ्याने वाचायला लावू नका, बोट ठेवून दाखवू द्या. व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगाच्या औषधामुळे बोटांत ताकद कमी वाटू शकते, तेव्हा वाचनाला लेखनाची अट घालू नका. फिट्सच्या औषधांनी काही मुलं सुस्त होतात. औषधाच्या वेळा आणि सुस्तीच्या वेळा टिपून डॉक्टरांना दाखवा, मात्र गोळी स्वतःहून मागेपुढे करू नका. मधुमेहाचं मूल वाचता वाचता अचानक तीच ओळ परत वाचायला लागलं, चिडलं, घाम आला, तर आधी साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर पुस्तक बाजूला आणि लगेच साखर. दम्याच्या मुलाला लांब वाक्यं मोठ्याने वाचायला जड जातात, ती तोडून द्या. डायलिसिसवरची मुलं आठवड्यातून तीनदा तीन-चार तास खुर्चीला बांधलेली असतात. तिथे पहिला तास वाचनाचा, शेवटचा नाही, कारण शेवटी रक्तदाब उतरून डोकं दुखतं.

शाळेशी बोलताना 'त्याला सांभाळून घ्या' एवढंच म्हटलं तर बाई त्याला मागच्या बाकावर आराम करू देतात, आणि वाचन तिथेच राहतं. नेमकं मागा. आठवड्याला एकदा, कुठल्या पानापर्यंत आलो एवढाच निरोप व्हॉट्सॲपवर. वर्गात उठून वाचायला लावायचं असेल तर कुठला परिच्छेद ते दोन दिवस आधी कळवा. बुडालेल्या दिवसांचं लेखन उतरवून घ्यायला लावू नका. चार दिवसांचा फळा उतरवण्यात संध्याकाळ जाते आणि त्यातून वाचन शिकत नाही. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द असं उद्दिष्ट आहे, म्हणून काही शाळांत घड्याळ लावून वाचायला लावतात. तुमच्या मुलाचं हिमोग्लोबिन उतरलेल्या आठवड्यात ते घड्याळ त्याच्या वाचनापेक्षा त्याचा दम मोजेल. मोजायचंच असेल तर रक्त चढवल्यानंतरच्या आठवड्यात मोजा, असं लेखी सांगा.

थॅलेसेमिया २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. सिकलसेल आणि हिमोफिलियाही आहेत. प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढून ठेवा, परीक्षेतल्या आणि हजेरीच्या सवलतींबद्दल बोलताना हातात कागद लागतो.

नातेवाइकांचं काय करायचं हे कठीण आहे. 'बिचारा आजारी आहे, राहू दे' म्हणणारी मावशी आणि 'धाकटी बघ कशी वाचते' म्हणणारे काका, दोघंही सारखंच नुकसान करतात. धाकटीसमोर त्याला वाचायला बसवू नका. उलट तीन दिवस घोटलेला उतारा त्याने तिला वाचून दाखवावा, झोपताना. बक्षीस म्हणून वेफर्स, फोन हे टाळा. वाचन ही फोनसाठी भरायची फी झाली की फोन नसताना वाचन बंद.

दर दोन फेऱ्यांनी, म्हणजे साधारण सहा आठवड्यांनी, तोच पहिला कागद परत वाचायला द्या. रक्त चढवल्यानंतरच्या त्याच चौथ्या-पाचव्या दिवशी, नाहीतर तुलना खोटी ठरते. जुन्या चुकांवर नव्या रंगात लिहा. 'दवा' गेला आणि 'सूयर' राहिला, एवढं कळलं तरी पुढचे सहा आठवडे कशावर घालवायचे ते ठरतं.

चार-पाच महिने असं नियमित करूनही साध्या शब्दांतच अक्षरं उलटसुलट होत राहिली, यमक जुळवता येत नसेल, 'कमळ'मधला पहिला आवाज काढून टाकला तर काय उरेल हे सांगता येत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे, म्हणजे तपासणीचं वय झालं आहे, आणि शीवच्या महापालिका रुग्णालयात यासाठी वेगळं क्लिनिक आहे. जाताना शाळेतल्या हजेरीचा उतारा, डोळे-कानांचे अहवाल, हिमोग्लोबिनच्या तारखा आणि तुमचा तो दोन-तीन रंगांत लिहिलेला कागद न्या. तपासणाऱ्यांना सर्वांत अवघड हेच असतं की मूल शिकवूनही वाचत नाही की त्याला शिकवलंच गेलं नाही, आणि त्याचं उत्तर त्या कागदात असतं. तारीख मिळेल ती घेऊ नका. रक्त चढवण्याच्या आदल्या आठवड्यातली असेल तर पुढची मागून घ्या.